ठाण्याहून लंडनला जाताना भाड्याचं घर कुठे बघायचं

कासारवडवलीला राहणाऱ्या कुणालाही विचारा, तुमच्याकडून ठाणे स्टेशन किती लांब आहे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळणार नाही. "साडेसातला निघालात तर पाऊण तास, साडेआठ वाजले तर काही सांगता येत नाही," असं मिळेल. घोडबंदर रोडने ठाणेकरांना हे पक्कं शिकवलं आहे की घर किती दूर ते घड्याळावर मोजायचं, तेही कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला. नेरुळला राहून अंधेरीला नोकरी करणाऱ्याला तर आणखी एक गोष्ट ठाऊक असते. गाडीत किती वेळ गेला यापेक्षा कुठे उतरून पुन्हा कुठे चढावं लागलं, यावर माणूस दमतो.

लंडनला नोकरी लागली, व्हिसा आला, की हीच अनुभवी माणसं नकाशा उघडून ऑफिसभोवती एक वर्तुळ काढतात आणि त्यातलं परवडणारं घर शोधायला लागतात. लंडनमध्ये हे वर्तुळ फसवतं. थेम्सच्या उत्तरेला भुयारी रेल्वेचं जाळं दाट आहे, दक्षिणेला विरळ. तिथे बराचसा भार नॅशनल रेलच्या उपनगरी गाड्यांवर असतो. त्यामुळे ऑफिसपासून पाच मैलांवरचं घर दोन बस बदलून सव्वा तासाचं ठरू शकतं आणि बारा मैलांवरचं घर एका गाडीने पाऊण तासाचं. प्रवासाच्या बाबतीत ठाण्यात जे शिकलात ते सगळं बरोबर न्या. डिपॉझिट, ॲग्रीमेंट, ओल आणि स्वयंपाकघर या बाबतींत मात्र इथल्या सवयी इथेच ठेवून जायला हव्यात, कारण पैसे अडकतात ते तिथे.

प्रवास कसा मोजायचा

ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर जर्नी प्लॅनर आहे. त्यात घराचा पोस्टकोड, ऑफिसचा पोस्टकोड आणि "मंगळवार, सकाळी ९ वाजता पोहोचायचं" एवढं टाका. ठाण्यात बसून रविवारी सहज बघितलेली वेळ कामाची नाही, कारण आपल्या मेगाब्लॉकसारखीच तिथेही शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी काही मार्ग बंद असतात. आलेली वेळ दारापासून दारापर्यंत ५० मिनिटांच्या आत असेल तर ते ठिकाण यादीत ठेवा. ६० च्या पुढे गेली तर भाडं किती वाचतं ते कागदावर लिहून मगच विचार करा. आठवड्यात चार-पाच दिवस ऑफिसला जायचं असेल तर महिन्याला शंभर पौंड वाचवण्यासाठी रोजचा जादा तास घालवणं माझ्या मते परवडत नाही. दोनच दिवस जायचं असेल तर गणित उलटं होतं, मग लांबचं, मोठं, उबदार घर घ्यावं.

घरापासून स्टेशनपर्यंतचं चालणं दहा मिनिटांपर्यंत ठीक. डिसेंबरच्या मध्यात लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसमधून परतीचं सगळं चालणं अंधारात आणि बऱ्याचदा रिमझिम पावसात होतं. तो रस्ता गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर आधी चालून बघा: दुकानं आहेत की रेल्वेपुलाखालचा निर्जन बोगदा?

गाडी बदलावी लागत असेल तर एकदाच बदलावी लागेल असं बघा, आणि ती कुठे बदलायची हेही बघा. 'बँक' नावाच्या स्टेशनासारख्या ठिकाणी एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे जिने, सरकते जिने आणि लांबच लांब बोळ. कॅनरी वॉर्फला ज्युबिली लाइनचं स्टेशन वेगळं आणि एलिझाबेथ लाइनचं वेगळं, मध्ये रस्त्यावरून किंवा मॉलमधून चालावं लागतं. नकाशावर हे एका ठिपक्यात मावतं.

शेवटचा निकष ठाणेकरांना लगेच पटेल: एक मार्ग बंद पडला तर दुसरा हवा. संप, सिग्नल बिघाड, रुळांची कामं हे सगळं तिथेही आहे. एकाच भाड्याची दोन घरं असतील तर जिथून चालत दोन वेगळे मार्ग गाठता येतात ते घ्या.

प्रवासभाड्याचे झोन १ ते ९ आहेत, शहराचा मध्य म्हणजे झोन १. बाहेर जावं तसं घरभाडं साधारण उतरतं आणि तिकीट चढतं. कॉन्टॅक्टलेस कार्डाने प्रवास केला की दिवसाची आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याची कमाल मर्यादा आपोआप लागते, पास काढायची गरज पडत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते ७ या वेळा महागड्या. बसचा हिशेब वेगळा: पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच.

उन्हाळ्याचाही विचार करा. सेंट्रल, नॉर्दर्न, व्हिक्टोरिया या खोल भुयारातल्या लाइनींच्या गाड्यांना एसी नाही. मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट आणि एलिझाबेथला आहे. सकाळी नॉर्दर्न लाइनवर टूटिंगहून चढणं हे ठाण्याहून आठ-पंधराची फास्ट पकडण्याइतकंच जिद्दीचं काम आहे.

ऑफिस कुठे, घर कुठे

मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइनचा मधला बोगदा सुरू झाला आणि घर शोधायचं सगळं गणित बदललं. त्याआधी लंडनला राहून आलेल्या मित्राचा सल्ला या एका कारणासाठी तपासून घ्यायला हवा. पूर्वी लांबची वाटणारी हेझ, साउथॉल, इलफर्ड, वुलिच ही स्टेशनं आता लिव्हरपूल स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, पॅडिंग्टनला थेट जोडलेली आहेत.

ऑफिस कॅनरी वॉर्फला असेल तर वुलिच आणि ॲबी वूड आधी बघा. वुलिचहून कॅनरी वॉर्फ दुसरं स्टेशन. इलफर्डहूनही जाता येतं, पण ते एलिझाबेथच्या दुसऱ्या फाट्यावर आहे, त्यामुळे व्हाइटचॅपलला गाडी बदलावी लागते किंवा स्ट्रॅटफर्डला उतरून ज्युबिली घ्यावी लागते. नकाशावर दोन्ही एकाच जांभळ्या रेघेवर दिसतात, म्हणून अनेकांची इथे चूक होते.

ऑफिस लिव्हरपूल स्ट्रीट, मूरगेट किंवा किंग्ज क्रॉसच्या भागात असेल तर हॅरोचा विचार जरूर करा. हॅरो-ऑन-द-हिल झोन ५ मध्ये आहे, पण मेट्रोपॉलिटन लाइन या सगळ्या स्टेशनांना एकाच गाडीने जोडते, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत मधली स्टेशनं गाळत धावणाऱ्या फास्ट गाड्या याच लाइनवर आहेत. फास्ट आणि स्लोचा फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. हॅरोहून मॅरिलबोनला जाणारी नॅशनल रेलची गाडीही आहे, म्हणजे दुसरा मार्गही तयार.

पॅडिंग्टन किंवा हीथ्रोकडचं ऑफिस असेल तर हेझ अँड हार्लिंग्टन आणि साउथॉल. हाउन्सलोला पिकॅडिली लाइन आहे आणि भाडी तुलनेने बरी, पण विमानं उतरायच्या मार्गाखालचा भाग आहे. पश्चिमेचा वारा असताना हीथ्रोवर उतरण्याची धावपट्टी दुपारी ३ ला बदलतात. त्यामुळे घर बघायला सकाळी गेलात आणि शांत वाटलं तर दुपारी तीननंतर पुन्हा जाऊन उभे राहा.

क्रॉयडनला भुयारी रेल्वे नाही म्हणून लोक यादीतून काढून टाकतात. ईस्ट क्रॉयडनहून लंडन ब्रिज आणि व्हिक्टोरियाला जलद गाड्या आहेत आणि त्या खरोखर जलद आहेत. ऑफिस त्या दोन स्टेशनांपासून चालत असेल तर उत्तम. तिथून पुढे आणखी दोनदा बदलायचं असेल तर नको.

स्लाव (Slough) हे गाव लंडनच्या बाहेर आहे. आयटीतली बरीच मराठी कुटुंबं तिथे राहतात, घरं मोठी मिळतात, एलिझाबेथ लाइन आहे. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं लंडनचं प्रवासी कार्ड, त्या दिशेला वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. पुढे स्लाव आणि रेडिंगला कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड लागतं.

आता "आपली वस्ती" या प्रश्नाकडे. वेम्ब्लीत आणि हॅरोत गुजराती, साउथॉलमध्ये पंजाबी, ईस्ट हॅममध्ये तमिळ आणि केरळी अशा जुन्या वस्त्या आहेत. मराठी माणसांची अशी एकवट वस्ती नाही, आपण विखुरलेले आहोत. पहिल्या महिन्यांत आजूबाजूला ओळखीची भाषा ऐकू येणं किती मोठा आधार असतो हे मी कमी लेखत नाही, विशेषतः घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी आणि सोबत येणाऱ्या आई-वडिलांसाठी. पण ऑफिसचा प्रवास आठवड्यात दहा वेळा होतो आणि मेथी, कोथिंबीर, ज्वारीचं पीठ आणायला पंधरा दिवसांतून एकदा गेलं तरी भागतं. वेम्ब्लीचा ईलिंग रोड किंवा टूटिंग यांपैकी एखादं ठिकाण अर्ध्या तासात गाठता येत असेल तर तेवढं पुरतं. १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ लंडन डॉलिस हिल भागात आहे. ज्युबिली लाइनवरचं डॉलिस हिल स्टेशन वेम्ब्ली पार्कपासून दोन स्टेशनांवर, आणि कॅनरी वॉर्फहूनही त्याच लाइनने थेट येता येतं. गणपतीला जायचं म्हणून त्याच भागात घर घ्यायलाच हवं असं नाही.

मुलं असतील तर वरचं सगळं दुय्यम. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतला प्रवेश बऱ्याच अंशी घरापासून शाळेच्या अंतरावर ठरतो, आणि चांगल्या नावाच्या शाळांमध्ये हे अंतर काहीशे मीटरवर येऊन थांबतं. "गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला" हा आकडा कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, प्रसिद्ध करते. तो आकडा बघून घराचा शोध सुरू करा, उलटं करू नका. मूल चार वर्षांचं झालं की पुढच्या सप्टेंबरपासून रिसेप्शन, म्हणजे शाळेतला पहिला वर्ग. त्यासाठीचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत, आणि माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत. वर्षाच्या मध्येच पोहोचलात तर कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि जिथे जागा रिकामी असेल ती शाळा मिळते. त्यामुळे सही करण्याआधी कौन्सिलच्या शाळा विभागाला फोन करून विचारा, या पोस्टकोडच्या आसपास अमुक इयत्तेत जागा आहे का.

घराच्या आत काय बघायचं

ठाण्यात ओल बाहेरून आत येते. पावसाळ्यात भिंत भिजते, रंगाचे पापुद्रे निघतात, सोसायटी वॉटरप्रूफिंग करते. लंडनमध्ये बहुतेक ओल आतूनच तयार होते. आंघोळीची वाफ, कुकरची वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, झोपलेल्या माणसांचा श्वास, हे सगळं बाष्प गार भिंतीवर आणि काचेवर जाऊन पाणी होतं. मग कपाटाच्या मागे आणि खिडकीच्या चौकटीवर काळी बुरशी धरते. थंडी म्हणून खिडक्या बंद ठेवल्या की ती वाढतच जाते. लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर हा मुद्दा भाड्याच्याही आधी यायला हवा.

घर बघायला गेलात की बेडरूममधल्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे मोबाइलचा टॉर्च मारा. खिडकीच्या खालच्या चौकटीवर बोट फिरवा. लाकूड मऊ लागलं किंवा एखाद्याच कोपऱ्यात ताजा पांढरा रंग दिसला तर तिथे काय होतं ते विचारा. बाथरूमला खिडकी नसेल तर दिव्याचं बटण दाबून पंखा फिरतो का ते ऐका, आणि टिश्यू पेपर जाळीला लावून बघा. कागद चिकटून राहिला पाहिजे.

खिडक्यांना दुहेरी काच हवीच. जुन्या व्हिक्टोरियन घरांचं बाहेरचं रूप फार सुंदर असतं, पण भरीव विटांच्या भिंती, एकेरी काच आणि खडखडणाऱ्या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या असतील तर गरम हवेचे पैसे खिडकीतून जातात. घराची दिशाही उलटी बघायची. ठाण्यात दुपारचं ऊन टाळायला आपण पश्चिम नको म्हणतो. तिथे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली टेकलेला असतो, म्हणून हॉल दक्षिणेला असेल तर तो मोठा फायदा. उत्तरेकडे तोंड असलेलं तळघरातलं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

हे बरंचसं ठाण्यात बसूनही कळतं. तिथल्या प्रत्येक भाड्याच्या घराला ऊर्जेचं प्रमाणपत्र लागतं, ईपीसी म्हणतात, ए पासून जी पर्यंत. काही अपवाद सोडले तर ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की प्रमाणपत्र फुकट उघडतं. त्यात भिंती भरीव की पोकळ, काच एकेरी की दुहेरी, गरम करण्याची सोय कोणती, आणि चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ असं सगळं असतं. जाहिरातीत क्षेत्रफळ दिलेलं नसेल तर ते इथून घ्या. सुपर बिल्टअपची भानगड तिथे नाही. ३७ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ४०० चौरस फूट, आणि एका माणसाच्या नव्या स्टुडिओसाठी राष्ट्रीय मानक तेवढंच आहे. दोघांच्या वन बेडसाठी ५० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४० चौरस फूट.

गरम करण्याची सोय म्हणून गॅसचा कॉम्बी बॉयलर आणि रेडिएटर हे सगळ्यांत सोपं. जुन्या पद्धतीचे विजेचे हीटर असतील तर बिल जास्त येईल असं धरून चाला. नव्या टॉवरांमध्ये सगळ्या इमारतीचं मिळून एकच गरम पाण्याचं केंद्र असतं. ते आरामाचं आहे, पण पुरवठादार बदलता येत नाही, म्हणून आधीच्या भाडेकरूचं हिवाळ्यातलं बिल मागून घ्या.

आता स्वयंपाकघर. जाहिरातीत "ओपन प्लॅन" लिहिलेलं असतं, फोटो झकास दिसतो. त्या घरात जिरं-मोहरी-हिंगाची फोडणी दिली की वास सोफ्यात, पडद्यात आणि दाराशी टांगलेल्या कोटांमध्ये जाऊन बसतो, आणि तो कोट घालून दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं असतं. दार लावता येईल असं वेगळं स्वयंपाकघर मिळालं तर थोडं जास्त भाडं द्यावं. शेगडीवरची चिमणी चालू करून भागत नाही. ती हवा बाहेर टाकते की कोळशाच्या फिल्टरमधून पुन्हा खोलीतच सोडते ते बघा. वरच्या कपाटाचं दार उघडलं की बाहेरच्या भिंतीकडे जाणारा पाइप दिसतो. पाइप नसेल तर हवा घरातच फिरते. धुराचा अलार्म शेगडीच्या अगदी जवळ असेल तर पोळ्या करताना रोज वाजेल.

शेगडी गॅसची, काचेखाली तापणारी विजेची की इंडक्शन? गॅस असेल तर फुलका आचेवर फुगतो. काचेची साधी विजेची असेल तर सगळी भांडी चालतात, तापायला आणि निवायला वेळ लागतो. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि तवा कामाचा नाही. निघण्याआधी फ्रिजवरचा लोहचुंबक प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा, चिकटलं तेच बॅगेत भरा.

पैशाचा हिशेब

ठाण्यात घर घेताना एक महिन्याचं ब्रोकरेज, हवं तेवढं डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स हे अंगवळणी पडलेलं असतं. इंग्लंडमध्ये यातलं काहीच नाही.

१ जून २०१९ पासून भाडेकरूकडून ब्रोकरेज, ॲग्रीमेंटचा खर्च किंवा तपासणीचे पैसे घेणं बेकायदेशीर आहे. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या खाली असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, आणि घर अडवून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं. डिपॉझिट घरमालकाच्या मर्जीवर राहत नाही. ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत नोंदवून त्याची माहिती तुम्हाला द्यावी लागते. डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम अशी त्यांची नावं.

उदाहरण घेऊ. भाडं महिना १,८०० पौंड. आठवड्याचं भाडं काढताना चारने भागायचं नाही, १,८०० गुणिले १२ भागिले ५२, म्हणजे सुमारे ४१५. डिपॉझिट साधारण २,०७७. पहिल्या महिन्याचं भाडं १,८००. चावी हातात येईपर्यंत ३,८७७ पौंड लागतात. घर अडवायला दिलेले ४१५ बहुधा यातच वळते होतात. जाहिरातीत भाडं आठवड्याचं लिहिलं असेल तर हीच चूक उलट्या बाजूने होते: आठवड्याला ४०० म्हणजे महिन्याला १,६०० नव्हे, १,७३३.

पगाराची एजंटांची ढोबळ अट अशी की वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या ३० पट हवा. १,८०० साठी ५४,०००. दोघं कमावते असतील तर दोघांचा मिळून धरतात. पगार कमी पडला किंवा ब्रिटनमधला पतइतिहास नसला, आणि नव्याने गेलेल्या कुणाचाच तो नसतो, की हमीदार मागतात. हमीदार बहुतेक वेळा ब्रिटनमध्ये राहणाराच लागतो. नौपाड्यातले काका कितीही सधन असले तरी चालत नाहीत.

पूर्वी यावर उपाय होता, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायचं. जुने लोक अजून हाच सल्ला देतात. तो आता विसरा. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून नवा भाडेकायदा लागू आहे. ॲग्रीमेंटवर सही होण्याआधी भाडं घेता येत नाही आणि सही झाल्यावर जास्तीत जास्त एका महिन्याचं आगाऊ मागता येतं. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त बोली लावून घेता येत नाही. ठरावीक मुदतीचे करार संपले, भाडेकरार महिन्यामागून महिना चालतो. तुम्हाला सोडायचं तर दोन महिन्यांची नोटीस, आणि कारण न देता घर खाली करून घेण्याची मालकाची सोय गेली. स्वतः राहायला यायचं किंवा घर विकायचं असेल तरी पहिल्या वर्षात ते कारण चालत नाही आणि चार महिन्यांची नोटीस लागते. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. या कायद्याने भाडेकरूचं बळ वाढलं, पण नव्याने येणाऱ्याची कागदपत्रं जास्त काटेकोरपणे बघितली जातात. म्हणून कंपनीला निघण्याआधीच विचारा: तुम्ही हमीदार राहाल का, किंवा पैसे घेऊन हमी देणाऱ्या कंपनीचं शुल्क भराल का? विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न विद्यापीठाला विचारावा, काही विद्यापीठांच्या स्वतःच्या हमी योजना आहेत.

भाड्यावर कौन्सिल टॅक्स येतो आणि तो भाडेकरू भरतो. घराची किंमत १ एप्रिल १९९१ ला किती असती, यावरून ए ते एच गट ठरलेले आहेत. एकाच गटाच्या घराला वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरमध्ये जेवढा कर, त्याच्या दुपटीहून जास्त क्रॉयडनमध्ये. म्हणून दोन घरांची तुलना भाडं अधिक कौन्सिल टॅक्स अशीच करा. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर पूर्ण माफी. जोडप्यात एक विद्यार्थी आणि एक नोकरदार असेल तर २५ टक्के सूट. सूट मागावी लागते, आपोआप लागत नाही.

खोली शेअर करणाऱ्यांसाठी दोन आकडे. पाच किंवा जास्त माणसं, वेगवेगळ्या कुटुंबांची, एका घरात राहत असतील तर त्या घराला कौन्सिलचा परवाना लागतो. लंडनच्या बऱ्याच बरोंमध्ये (पालिका विभागांमध्ये) तीन माणसांनाही लागतो. अशा घरात झोपायची खोली एका प्रौढासाठी किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांसाठी १०.२२. कुणी रोख भाडं घेऊन ॲग्रीमेंट देत नसेल तर स्वस्त पडलं तरी नको, कारण पत्त्याचा पुरावा मिळत नाही आणि मग बँक खात्यापासून शाळेपर्यंत सगळं अडतं. मालक त्याच घरात राहत असेल तर तुम्ही कायद्याने भाडेकरू नसता, लॉजर असता. डिपॉझिट योजनेत ठेवण्याची सक्ती तिथे नाही आणि वरच्या नव्या कायद्याचं संरक्षणही नाही. दोन-तीन महिन्यांसाठी ही सोय चांगली असते, तेवढ्यापुरतीच घ्यावी.

कोणत्या क्रमाने करायचं

ठाण्यातून घर पक्कं करू नका. जुलै ते सप्टेंबर हा गर्दीचा काळ आणि चांगलं घर दोन-तीन दिवसांत जातं, म्हणून घाई वाटते, पण न बघितलेल्या घराला पैसे पाठवणं हीच सगळ्यांत मोठी फसवणुकीची जागा आहे. "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भरा, चावी कुरियरने पाठवतो" असं सांगणारा मालक म्हणजे चोर समजा. तीन ते चार आठवड्यांची तात्पुरती सोय करून जा, शक्यतो मनात असलेल्या भागातच, म्हणजे सकाळचा प्रवास स्वतः करून बघता येतो. घराचा मालक नोंदणीत कोण आहे ते लँड रजिस्ट्रीवर काही पौंडांत कळतं. ॲग्रीमेंटवरचं नाव त्याच्याशी जुळतं का बघा.

निघण्याआधी कागद तयार ठेवा: पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं कंपनीचं पत्र, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इथल्या घरमालकाचं इंग्रजीत एक छोटं पत्र की भाडं वेळेवर भरलं. इंग्लंडमध्ये प्रत्येक प्रौढ भाडेकरूची राइट टू रेंट, म्हणजे भाड्याने राहण्याचा हक्क आहे का याची, तपासणी होते. त्यासाठी ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढायचा, तो ९० दिवस चालतो. कोड काढताना "भाड्याने राहण्यासाठी" हा पर्याय निवडा. तो आर अक्षराने सुरू होतो. नोकरीसाठी काढलेला डब्ल्यूचा कोड एजंटला दिला तर चालत नाही आणि एक दिवस फुकट जातो.

राइटमूव्ह, झूप्ला आणि ओपनरेंट या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर शोध लावून सूचना चालू ठेवा. ईमेल करून वाट बघू नका, फोन करा. तिथले नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. घर पसंत पडलं आणि एका आठवड्याचे पैसे भरले की पुढे साधारण १५ दिवसांत करार व्हावा लागतो. मालकाने माघार घेतली तर ते पैसे परत मिळतात. तुम्ही माघार घेतलीत किंवा चुकीची माहिती दिलीत तर जाऊ शकतात.

चावी मिळते त्या दिवशी एजंट इन्व्हेंटरी देतो: प्रत्येक खोलीतल्या वस्तूंची आणि त्यांच्या अवस्थेची यादी. सामान उघडण्याआधी ती हातात घेऊन घरभर फिरा. ओट्यावरचा जुना डाग, गालिच्यावरची जळकी खूण, ओव्हनच्या आतली तेलकट काच, गादीची खालची बाजू, सगळ्याचे फोटो काढा आणि यादीत नसलेलं सगळं दिलेल्या मुदतीत ईमेलने कळवा. पांढऱ्या ओट्यावर हळदीचा डाग पडला तर तो जात नाही आणि डिपॉझिटमधून कापला जातो, म्हणून आधीच्या भाडेकरूचा डाग तुमच्या नावावर येऊ देऊ नका. त्याच फेरीत गॅस, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे तारखेसह टिपा. मीटर बऱ्याचदा जिन्याखालच्या कपाटात किंवा बाहेरच्या भिंतीतल्या पेटीत असतो. त्या पेटीची तिकोनी किल्ली एजंटकडून मागून घ्या.